मोटारगाडीच्या वळणावरील टकटक : तिची पारख व उपाय

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी असे. आतां पुष्कळांच्या दारांत लहान मोटारगाडी, जीप अथवा ट्रॅक्टर उभा असतो. बैलगाडीचा कणा कुरकुरूं लागला म्हणजे त्यास वंगण पाहिजे, आणि वंगण न घालतां ती तशीच हांकली तर तुंबा झिजून चाक लटपटूं लागतें, हें घरांतील लहान पोरासही ठाऊक असे. त्यासाठीं वंगणाचा नळा गाडीखालींच टांगलेला असे. मोटारीचें यंत्र झांकलेलें असल्यामुळें तिच्या आवाजाकडे मात्र आपण परक्याच्या घरांतील भांडणाप्रमाणें दुर्लक्ष करितों, आणि अखेर तें भांडण आपल्याच खिशाशीं येऊन थांबतें. मोटारीच्या अनेक तक्रारींपैकीं वळणावर होणारी टकटक ही फार सामान्य तक्रार आहे. तिची पारख घरच्या घरीं कशी करावी, कारागिराकडे जाऊन काय सांगावें, व कोणता खर्च योग्य आणि कोणता अनाठायीं समजावा, हें स्वानुभवावरून व जाणत्या कारागिरांस विचारून आम्ही येथें क्रमानें सांगणार आहोंत.

आमचा अनुभव

आमच्या घरीं पुढल्या चाकांवर चालणारी एक जुनी लहान गाडी आहे. एका ज्येष्ठांत, पेरणीच्या धांदलीपूर्वीं, तेल बदलण्यासाठीं ती गांवच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानें खालून पाहून सांगितलें, "भाऊसाहेब, डाव्या चाकाच्या आंतल्या अंगाचा रबरी बूट फाटला आहे. ग्रीस बाहेर येतें आहे." आम्हीं विचारलें, "गाडी अडेल काय?" तो म्हणाला, "आज नाहीं अडायची." "मग राहूं दे, सुगी झाल्यावर पाहूं," असें म्हणून आम्ही परत आलों. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां लोकांच्या अर्जांवर 'तूर्त तहकूब' असा शेरा लिहिण्याची संवय जडली होती. तोच शेरा आम्हीं आपल्या गाडीवर मारला.

पावसाळाभर गाडी पाणंदीच्या चिखलांतून चालली. कार्तिकांत विहिरीजवळच्या वळणावर 'टक् टक् टक्' असा आवाज येऊं लागला. तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत ती दाखविली. तेथील माणसानें गाडी उचलून न पाहतां व चालवून न पाहतां, गिअरबॉक्स खोलावा लागेल असें सांगितलें, आणि जो आंकडा कागदावर मांडला तो आमच्या रब्बीच्या बियाण्याचा व खताचा मिळून होता. आम्ही बयाणा देण्याच्या बेतांत होतों. सुदैवानें एस. टी.च्या कारखान्यांतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही त्या दिवशीं घरीं आले. त्यांनीं पैसे देण्यापूर्वीं गाडी खळ्यांत नेऊन गोल फिरविण्यास सांगितलें, व आपण बाजूस उभे राहून कान दिला. पांच मिनिटांत निकाल लागला. गिअरबॉक्स निर्दोष होता. डाव्या चाकाकडील सांधा गेला होता. ज्याचा बूट ज्येष्ठांत फाटला होता, तोच हा सांधा. नवा सांधा बसविला आणि रब्बीची पेरणी वेळेवर झाली. परंतु जें काम ज्येष्ठांत एक रबर व थोडें ग्रीस यांत भागलें असतें त्यास कार्तिकांत कित्येक पट रक्कम लागली. हा दंड आम्हीं भरला. वाचकांनीं तो भरूं नये एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गाडीची रचना

इंजिनाची शक्ति क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या मार्गानें चाकांस पोंचते. जुन्या अँबॅसडर गाडींत व बहुतेक जीपांत इंजिन पुढें असून ओढ मागल्या चाकांस मिळते. त्यासाठीं गाडीच्या पोटाखालून प्रॉपेलर शाफ्ट नांवाचा लांब दांडा मागें गेलेला असतो. १९८३ सालच्या डिसेंबरांत मारुति ८०० ही गाडी आपल्या देशांत निघाली. तिच्यांत, व तिच्या मागून आलेल्या बहुतेक लहान गाड्यांत, ओढ पुढल्याच चाकांस असते. तेथें लांब दांडा नाहीं; गिअरबॉक्सपासून डावीकडे व उजवीकडे एक एक आंखूड दांडा चाकापर्यंत जातो. कारागीर त्यास ॲक्सल म्हणतात.

या पुढल्या चाकाला एकाच वेळीं तीन कामें करावीं लागतात. त्यास गाडी ओढावी लागते, डावीउजवीकडे वळावें लागतें, आणि खांचखळग्यांत वरखालीं व्हावें लागतें. सरळ अखंड दांडा हें साधूं शकत नाहीं. म्हणून प्रत्येक ॲक्सलला दोन सांधे असतात: एक गिअरबॉक्सकडील आंतला, व दुसरा चाकाकडील बाहेरचा.

सांध्याचा साधा प्रकार म्हणजे दोन दुबेळक्यांच्या मध्यें अधिकच्या चिन्हासारखा पोलादी क्रॉस. सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याचें नांव या सांध्यास मिळालें आहे. तो मजबूत व स्वस्त आहे. परंतु त्यांत एक दोष आहे. दांडे कोनांत असले म्हणजे पहिला दांडा एकसारख्या वेगानें फिरत असूनही दुसरा प्रत्येक फेऱ्यांत दोन वेळां जलद व दोन वेळां मंद होतो. फार वळणाऱ्या पुढल्या चाकास हा हिसका चालत नाहीं. ही अडचण दूर करणारा सांधा आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्यानें १९२६ सालीं शोधून काढला. त्यांत एका वाटींत दुसरा लहान गोल भाग असून, दोहोंस कोरलेल्या खांचांत सहा पोलादी गोळ्या बसविलेल्या असतात. सांधा वळला तरी या गोळ्या दोन दांड्यांमधील कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, त्यामुळें दोन्ही दांड्यांचा वेग सारखा राहतो. ब्रिटनमध्यें १९५९ सालीं निघालेल्या मिनी गाडींत अशाच जातीचे सांधे होते. पुढें ते जगभर सामान्य झाले.

आतां आवाजाचें कारण पहा. गोळ्या व खांचा यांच्यामध्यें काळसर रंगाचें विशेष ग्रीस भरलेलें असतें, आणि तें बाहेर जाऊं नये म्हणून सांध्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट चढवून दोन्ही टोकांस पट्ट्या आवळलेल्या असतात. बाभळीचा कांटा, कुंपणाची तार, उसाचें खोडकें अथवा नुसतें वय यांमुळें बूट फाटतो. फिरत्या चाकाच्या झोंकानें ग्रीस बाहेर उडतें, आणि त्याच भोकांतून चिखल व माती आंत जाते. माती व उरलेलें ग्रीस मिळून हत्यारास धार लावण्याजोगें मिश्रण तयार होतें, व तें खांचा खाऊं लागतें. गाडी सरळ जात असतां गोळ्या खांचेंतील एकाच जागीं राहतात, म्हणून कांहीं ऐकूं येत नाहीं. वळण घेतांच त्यांस प्रत्येक फेऱ्यांत खांचेमधून पुढेंमागें सरकावें लागतें. झिजलेल्या जागीं त्या सैल पडून आपटतात आणि 'टक्' असा आवाज होतो. वळणावरची टकटक म्हणजे सांध्याची तक्रार असें जें कारागीर म्हणतात, त्याचें कारण हें आहे.

पारख करण्याचा क्रम

चौकशीस क्रम पाहिजे. सोप्या व बिनखर्चाच्या गोष्टी प्रथम पाहाव्या, आणि जींत जिवाला धोका आहे ती गोष्ट सर्वांच्या आधीं पाहावी.

(१) चाकाचे नट. चाकाचे नट सैल झाले तरीही टकटक होते. चाक निघून गेल्यास गाडी उलटण्याची भीति असते. म्हणून आवाज ऐकतांच गाडी थांबवून पान्ह्यानें चारी चाकांचे सर्व नट पाहावे, व सैल असल्यास समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळावे. ही तपासणी केल्याशिवाय गाडी पुढें हांकूं नये.

(२) टायर व चाकावरील झांकण. टायरच्या नक्षींत अडकलेला खडा किंवा खिळा रस्त्यावर प्रत्येक फेऱ्यास एकदां वाजतो. सैल झांकणही वाजतें. हे आवाज सरळ रस्त्यावर व वळणावर सारखेच येतात, यावरून ते ओळखावे.

(३) उभी गाडी. गाडी उभी ठेवून, गिअर न टाकतां, इंजिनाचा वेग वाढवावा. आवाज आला व वेगाबरोबर वाढला तर तो इंजिनाचा आहे. सांध्याचा त्यांत संबंध नाहीं. गाडी उभी असतां केवळ स्टिअरिंग फिरवितांना आवाज आला तर दोष स्टिअरिंगमध्यें अथवा चाकावरील स्प्रिंगच्या आधारांत शोधावा.

(४) फेऱ्यांची मोजणी. टायरवर खडूची रेघ ओढावी. एकानें गाडी माणसाच्या चालीनें चालवावी व दुसऱ्यानें जरा दुरून बरोबर चालत रेघ व आवाज यांचा मेळ पाहावा. आमच्या गाडीच्या चाकाचा घेर सुमारें १६० सेंटिमीटर आहे. ताशीं १० किलोमीटर वेगानें तें चाक ४ सेकंदांत सुमारें ७ फेरे करितें. पुढल्या ॲक्सलचे फेरे चाकाइतकेच असतात. प्रॉपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या कित्येक पट फिरतो. डिफरन्शियलचें प्रमाण ४ असेल तर त्याच ४ सेकंदांत त्याचे २८ फेरे होतील. म्हणून मोजतां येण्याजोगा, चाकाच्या ठेक्यांतला आवाज चाक अथवा पुढल्या ॲक्सलकडील, आणि त्याहून पुष्कळ जलद आवाज लांब दांड्याकडील, असा प्रथम अंदाज करावा.

(५) गोल फिरविणें. ही मुख्य परीक्षा होय. मोकळें खळें किंवा मैदान पाहून स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवावें व पहिल्या गिअरांत हळूहळू गोल फिरावें. प्रथम एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस. त्यानंतर तसेंच मागें घेऊनही फिरावें. गाडीच्या कांचा खालीं असाव्या. बाहेर उभ्या असलेल्या जाणत्या माणसानें कोणत्या चाकाकडून आवाज येतो तें ऐकावें. गिअरांत ओढ देतांच टकटक जोरानें येते आणि क्लच दाबून ओढ काढतांच ती मंदावते, असें आढळल्यास बाहेरच्या सांध्यावरील संशय पक्का धरावा.

(६) आवाजाची जात. एकसारखी घरघर वेगाबरोबर वाढत असेल तर ती चाकाच्या बेअरिंगची. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबतांच गाडीचें अंग थरथरतें व सोडतांच थांबतें, तर आंतल्या सांध्याची तपासणी करावी. पुढें जाऊन मागें घेतांना एकदांच 'टक्' होऊन थांबत असेल, तर ब्रेकचा पॅड आपल्या जागेंत सरकत आहे किंवा ॲक्सलचा मोठा नट सैल आहे काय, तें पाहावें.

(७) प्रत्यक्ष पाहणी. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून मागल्या चाकांस दगड लावावे, जॅकनें उचलावी, आणि पक्क्या स्टँडवर टेकवूनच मग खालीं पाहावें. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे कुजक्या फळीवरून विहीर ओलांडणें होय. बुटाच्या घड्या बोटांनीं उघडून पाहाव्या. चीर घड्यांत दडलेली असते. चाकाच्या आंतल्या अंगास ग्रीसचे काळे शिंतोडे उडालेले असतील तर तो पुरावाच समजावा. नंतर इंजिन बंद असतां ॲक्सल हातानें धरून पुढेंमागें पिळावा व वरखालीं हालवावा, आणि दोन्ही बाजू ताडून पाहाव्या. आंतला सांधा थोडा आंतबाहेर सरकतो, तो दोष नव्हे. तशी त्याची रचनाच असते.

उपाय

दोषाच्या पायऱ्या तीन असून उपायही तितकेच आहेत.

पहिली पायरी: बूट फाटला आहे, पण आवाज नाहीं. ॲक्सल काढून सांधा रॉकेलनें धुवावा, पूर्ण कोरडा करावा, गोळ्या व खांचा उजेडांत पाहाव्या, आणि त्या गुळगुळीत असल्यास त्या सांध्यासाठींच असलेलें नवें ग्रीस व नवा बूट घालावा. चीर आज पडली असेल तर हें काम आजच करावें.

दुसरी पायरी: आवाज येऊं लागला आहे. येथें पुष्कळ लोक ग्रीस भरून समाधान मानतात. ग्रीसनें आवाज कांहीं दिवस दबतो. परंतु खांचेंत पडलेला खळगा त्यानें भरून येत नाहीं. बाहेरचा सांधा बदलणें हाच उपाय आहे.

तिसरी पायरी: दोन्ही सांधे झिजले आहेत किंवा ॲक्सलच्या टोकाचे दांते खराब झाले आहेत. मग संपूर्ण ॲक्सल बदलावा. गिअरबॉक्स खोलण्याचा प्रश्न या तिन्हींपैकीं कोणत्याही पायरीवर येत नाहीं.

काम कारागिराकडूनच करवावें. परंतु मालकानें जवळ उभें राहून पुढील गोष्टी पाहाव्या. ॲक्सलचा मोठा नट फार घट्ट असतो. तो गाडी जमिनीवर असतां सैल करावा लागतो. ॲक्सल काढलेला असतां चाकावर गाडीचें ओझें टेकवूं नये, बेअरिंग बिघडतें. ॲक्सल गिअरबॉक्समधून ओढतांना तेल सांडतें, म्हणून खालीं भांडें ठेवावें व शेवटीं तेल मापानें भरावें. हें विसरल्यास निर्दोष गिअरबॉक्स खरोखरच खराब होईल. नवा सांधा ठोकण्यापूर्वीं बूट व त्याची आंतली पट्टी दांड्यावर चढविली पाहिजे, नाहींतर सर्व काम पुन्हां करावें लागतें. सांध्याबरोबर आलेलें सर्व ग्रीस आंत भरावें. सांधा अडकवून ठेवणारें लॉक आपल्या खांचेंत बसलें कीं नाहीं, हें सांधा ओढून पाहावें. मोठा नट नवा घालून, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळून, त्याची कड ठोकून किंवा पिन घालून पक्का करावा. जुना सांधा परत मागून घ्यावा व त्यांतील खळगे स्वतः पाहावे. खर्चाची ती खरी पावती होय. घरीं येतांना पुन्हां गोल फिरवून ऐकावें, आणि आठ दिवसांनीं पट्ट्या व चाकाचे नट एकदां पाहावे.

आवाज असूनही गाडी चालते, मग घाई कां, असें कोणी विचारील. सांधा अखेर मोडतो. मोडला म्हणजे इंजिन फिरत राहतें पण गाडी जागची हालत नाहीं, कारण डिफरन्शियलमधून शक्ति त्या मोकळ्या झालेल्या बाजूस निघून जाते. बाळंतपणासाठीं सुनेस रात्रीं दवाखान्यांत नेत असतां, किंवा भाजीचा माल पहाटेच्या बाजारास नेत असतां हा प्रसंग आला, तर वांचविलेले पैसे कोणत्या उपयोगाचे?

जीप व ट्रॅक्टर

जीप व मालवाहू गाड्यांच्या लांब दांड्यास क्रॉसचे सांधे असतात. क्रॉसच्या चारी टोकांवर वाट्या असून त्यांत बारीक सुयांसारखीं बेअरिंगें असतात. ग्रीस आटलें म्हणजे या सुया गंजतात. वाटीभोंवतीं तांबूस पूड दिसते. हळू चालतांना चींचीं किंवा टिकटिक, व क्लच सोडतांना 'खट्' असा ठोका, हीं याचीं लक्षणें. ग्रीसचें निपल असल्यास चारी वाट्यांतून ताजें ग्रीस दिसेपर्यंत पंप मारावा. हातानें सांधा हालत असल्यास क्रॉस बदलावा. दांडा उतरण्यापूर्वीं जोडाच्या दोन्ही बाजूंवर व सरकत्या भागावर खुणा कराव्या आणि खुणेस खूण मिळवूनच तो बसवावा. दोन क्रॉसांपैकीं एकाचा हिसका दुसरा मोडून काढतो. दांडा भलत्या दांत्यावर बसला तर ही फिटंफाट होत नाहीं व गाडी थरथरूं लागते.

ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ. दांड्यासही असेच क्रॉस असतात. रोटाव्हेटर चालू ठेवून बांधाशीं आंखूड वळण घेतलें किंवा तो फार वर उचलला म्हणजे दांडा तीव्र कोनांत जाऊन खडखडतो आणि क्रॉस लवकर तुटतात. वळतांना व उचलतांना पी. टी. ओ. बंद करावा. त्याचा सामान्य वेग मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे आहे. धोतराचा सोगा, उपरणें किंवा पदर त्यांत सांपडल्यास हात मागें घेण्यासही वेळ मिळत नाहीं. म्हणून आवाज ऐकण्यासाठीं चालत्या दांड्यावर वांकूं नये, त्यावरील झांकण कधीं काढून टाकूं नये, आणि ग्रीस देण्यापूर्वीं इंजिन बंद करून किल्ली आपल्या खिशांत ठेवावी.

समारोप

पुढल्या चाकांवर चालणाऱ्या गाडीस बूट चार असतात. वर्षांतून दोन वेळां, पेरणीपूर्वीं व सुगीनंतर, बॅटरीच्या उजेडांत ते चारी पाहावे. या कामास पाव तास लागतो व खर्च कांहींच नाहीं. चीर दिसली तर त्याच आठवड्यांत बूट बदलावा. टकटक ऐकूं आली तर प्रथम नट पाहावे, मग खळ्यांत गाडी फिरवावी, आणि निदान झाल्यावरच दुकानाची पायरी चढावी. गाडी उचलून व चालवून न पाहतां जो मोठा आंकडा सांगेल, त्यास बयाणा देऊं नये. आणि जो गरीब मिस्त्री खालून पाहून आपण होऊन 'बूट फाटला आहे' असें सांगतो, त्याचा शब्द तहकूब ठेवूं नये. आम्हीं तो ठेविला होता, म्हणून हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांस आला.